गिऱ्हाइकाची गरज आणि कारागिराचे शिक्षण

(समुद्रपूर येथे सुतार-लोहार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आज सकाळी ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला, त्यांत कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर वा वेल्डर होऊन आले आहेत, कोणी तंत्रनिकेतनाची पदविका मिळविली आहे, तर कोणी अभियांत्रिकीची पदवी. त्यांचे अभिनंदन आपण मनापासून केलेच आहे. आता त्यांच्यासंबंधी व त्यांच्या मागून येणाऱ्यांसंबंधी थोडा विचार करावा, या हेतूने आम्ही आपणांपुढे उभे आहोत. शिष्यवृत्ती निधीत साठलेली रक्कम कशी खर्च करावी, हा विषय दुपारच्या बैठकीपुढे यावयाचा आहे. काहींच्या मते ती समाजभवनाच्या वाढीव बांधकामाकडे वळवावी, तर काहींच्या मते शिष्यवृत्तीचा आकडा वाढवावा. दोन्ही सूचना सद्हेतूच्या आहेत. तथापि या पैशातून आपल्याला कोणत्या प्रकारचा कारागीर, कोणत्या प्रकारचा इंजिनियर घडवावयाचा आहे, हे आधी ठरल्यावाचून रकमेचा वाद व्यर्थ होय, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वस्तू घडविणाऱ्याला यंत्र शिकवावे, गणित शिकवावे, रेखाटन शिकवावे. परंतु ज्याच्यासाठी वस्तू घडवावयाची, त्याची गरज ओळखण्याचे शिक्षण त्याला मिळाले नाही, तर बाकीचे सारे शिक्षण अर्धेच राहते. ही विद्या जन्माने येत नाही, ती शिकावी लागते. आणि आज ती शिकविण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

आपल्या वाडवडिलांनी ही विद्या कोठे मिळविली, ते प्रथम पाहू. गावचा सुतार, ज्याला आपल्या बाजूस वाढई म्हणतात, तो तिफण करावयास बसे तेव्हा त्याच्यापुढे नकाशा नसे. पण शेतकरी समोर असे, त्याचे बैल दाराशी उभे असत आणि त्याचे वावर कोणते हे गावात सर्वांस ठाऊक असे. बैल उंच की ठेंगणे, हे पाहून दांडीची लांबी व तिचा कोन ठरे. रुमणे धरणाराचा हात जेथे पोहोचेल तेथे मूठ येई. ज्वारीला फणांमधले अंतर एक, कपाशीला दुसरे. आपली काळी जमीन पावसात लोण्यासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होते, हे ध्यानात घेऊनच वखराची पास कशी बसवावी हे ठरे. बंडीच्या आखाला धावडा किंवा तिवस घ्यावा, चाकाला बाभूळ घ्यावी, तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळल्यावर लोहाराने धाव तापवून चढवावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसलेला होता.

या सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, मोडलेली वस्तू परत त्याच दारी येई. पेरणीच्या ऐन घाईत फण निसटला, तर शेतकरी तिफण खांद्यावर टाकून सुताराकडे येई आणि चार शब्द ऐकवूनच परत जाई. ते चार शब्द हेच त्या कारागिराचे विद्यापीठ होते. कोठे लाकूड कमी पडले, कोठे खाच खोल गेली, कोणती खिळी चुकीच्या जागी बसली, हे त्याला मोडक्या वस्तूनेच शिकविले. करणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये तेव्हा तिसरा माणूस नव्हता.

परंतु या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. बलुत्याच्या बंधनात कारागीर शेतकऱ्याचे ऐकत असे, त्यामागे जिव्हाळा होता, तशीच सक्तीही होती. खळ्यावर मिळणारे धान्य ज्याच्या हाती, त्याचा शब्द त्याला ऐकावाच लागे. आणि ज्याच्या हाती धान्य नव्हते, त्याचे त्याने किती ऐकले, याचाही हिशेब आज मांडावयास हवा. तिफणीमागे दिवसभर चालून मुठीने चाड्यात बी सोडणारी बाई, सरत्याने तुरीची ओळ पेरणारी बाई, निंदणाला खुरपे घेऊन चार महिने वाकलेली मजूर स्त्री, गावकुसाबाहेर राहणारा सालगडी, ही सारी त्याच अवजारांवर राबत होती. चाड्याची उंची पेरणारणीला विचारून ठरली, असे कोणी वडीलधाऱ्याने सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अवजाराचा मालक एक, ते वापरणारा दुसरा. आणि जुना कारागीर ऐकत असे तो मालकाचे. म्हणून जुन्या विद्येतून आपण जवळीक घ्यावी. पण त्या विद्येचे कान जेथे बंद होते, तेथे ते उघडावे.

आता आजची स्थिती पाहा. अवजार बनते दूरच्या कारखान्यात. त्याचा आराखडा करणारा तरुण गणकयंत्रापुढे बसतो. शेतकरी ते दुकानातून, पुष्कळदा अनुदानाच्या यादीतून घेतो. ते मोडले तर दुरुस्ती होते तिसऱ्याच ठिकाणी, आणि त्या मोडण्याची वार्ता आराखडा करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. कोणत्याही गावात चार गोठे फिरून यावे. एका हंगामानंतर कोपऱ्यात पडलेले एखादे तरी अवजार दृष्टीस पडेल. ते वाईट लोखंडाचे असते असे नव्हे. ते ज्या जमिनीत चालवावयाचे, ज्या हाताने उचलावयाचे आणि ज्याने दुरुस्त करावयाचे, त्या तिघांची गाठ आराखडा करणाऱ्याशी कधी पडलेली नसते. पूर्वी जी गाठ परिस्थितीने घालून दिली होती, ती आता शिक्षणाने घालून द्यावयास हवी.

अशी गाठ घालून घेण्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या समाजात जन्मले नव्हते. सुतारकी वा लोहारकी त्यांच्या घरात परंपरेने आलेली नव्हती. त्यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा अर्थ आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावा. शेतकऱ्याची भीती हा त्याचा अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेता आला असता. परंतु गिऱ्हाइकाचे भय हीसुद्धा त्याची एक गरजच असते. ज्याची सारी मालमत्ता म्हणजे एक जमीन, तो त्या जमिनीवर नवा प्रयोग करण्यास भिणारच. ते भय डोळ्यांदेखत फिटावे लागते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले, आणि त्याचेच पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले. नांगर करणाऱ्या कारखान्याला गिऱ्हाइकाशी बोलण्याची गरज वाटावी, यात त्या धंद्याच्या यशाचे मर्म आहे.

याहूनही जवळचे उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्याशी निगडित आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या काळी एक लक्ष ही रक्कम केवढी मोठी होती, हे सांगावयास नको. परंतु आम्हांस त्या रकमेपेक्षा त्या पारितोषिकाच्या अटी अधिक मोलाच्या वाटतात. चरखा हलका, सहज हलविता येणारा आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने स्वाभाविकपणे चालविता येणारा असावा. फारसे श्रम न पडता एका स्त्रीला त्यावर सलग आठ तास काम करता यावे. आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि तो हिंदुस्थानातच बनविता यावा. वेळोवेळी दुरुस्ती केल्यास तो वीस वर्षे अखंड चालावा आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या शेकडा पाच टक्क्यांवर जाऊ नये.

बंधुभगिनींनो, या अटी कोणी कशा लिहिल्या असतील, याचा विचार करा. ‘चरखा चांगला असावा’ एवढे म्हणून त्या लिहिणारे थांबले नाहीत. चालविणारी कोण, ती बसते कोठे, किती वेळ बसते, दमते केव्हा, तिला परवडते किती, बिघडल्यास तिच्या खिशातून काय जाते, हे सारे त्यांनी आधी पाहिले आणि मग त्याचे फूट, तास, रुपये व वर्षे यांत रूपांतर केले. गरज ही मापात उतरविणे, हीच आराखड्याच्या विद्येची पहिली पायरी होय. किर्लोस्करवाडीसह अनेक ठिकाणी या चरख्यासाठी प्रयत्न झाले. परंतु सर्व अटी पुऱ्या करणारा चरखा न मिळाल्यामुळे ते पारितोषिक कोणासही दिले गेले नाही. यालाही आम्ही अपयश म्हणणार नाही. यंत्राला सोपे जावे म्हणून अटी सैल करता आल्या असत्या. तसे झाले असते, तर त्या झोपडीतल्या स्त्रीला यंत्रापुढे वाकावे लागले असते. परीक्षकांनी तिला वाकविले नाही. पुढे तमिळ प्रांतातील एकांबरनाथ यांच्या कल्पनेतून अंबर चरखा निघाला आणि १९५० नंतरच्या दशकात तो देशभर गेला. शोध थांबला नव्हता, हे त्यावरून दिसते.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजी बजाज यांनी दिलेली बाग मगनवाडी या नावाने संघाचे केंद्र बनली आणि अर्थशास्त्राचे पंडित जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलघाणी, कागद, चूल, मधमाश्या अशा साध्या गोष्टींवर तेथे प्रयोग झाले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ते आजही पाहावयास मिळते. त्याच परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करीत आहे. आपल्या मुलांनी मुंबई-पुण्याचे कारखाने अवश्य पाहावेत. परंतु समुद्रपुराहून हिंगणघाटमार्गे वर्ध्यास जाऊन हे संग्रहालय न पाहता कोणी आपणांस इंजिनियर म्हणवू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. १९३७ साली याच वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. हाताच्या कामातून शिक्षण, हा तिचा गाभा होता. त्या गाभ्यात आम्ही एकच शब्द वाढवू इच्छितो: हाताच्या, आणि कानाच्याही.

कान बंद ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण प्रत्येक भगिनीच्या स्वयंपाकघरातले आहे. धूर घराबाहेर नेणाऱ्या मगनचुलीचा प्रयोग पूर्वीच झाला होता. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ साली बंद होईपर्यंत देशभर लक्षावधी चुली बसविल्या गेल्या. हेतू अत्यंत स्तुत्य होता. धुराने डोळे आणि छाती यांचे काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे. तरी पुष्कळ ठिकाणी त्या चुली काही काळाने मोडल्या किंवा बाजूस पडल्या. कोठे धुराड्याची सफाई कोण करणार हे ठरले नव्हते, कोठे घरातल्या भांड्यांशी चुलीचे तोंड जुळत नव्हते. आपल्याकडे भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांवर शेकावी लागते. ज्या चुलीत निखारे पुढे ओढण्यास जागा नाही, ती शास्त्राप्रमाणे कितीही निर्दोष असली, तरी भाकरी खाणाऱ्या घरात टिकणार कशी? एक सकाळ स्वयंपाकघरात बसून पाहिले असते, तर हे कळण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती.

याउलट, जवळून पाहिल्याने काय साधते, तेही सांगू. आपल्या जिल्ह्यात तूर पिकते. शेतकरी तूर विकतो आणि तिचीच डाळ वाढत्या भावाने विकत आणतो. मोठी डाळ गिरणी एका कुटुंबाच्या वा बचत गटाच्या आवाक्याबाहेरची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान प्रमाणावर चालणारी मिनी डाळ मिल तयार केली, ती या अडचणीला उत्तर म्हणून. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतात राबणाऱ्या स्त्रियांची शरीरमापे जमवून त्यांच्या हाताला, उंचीला आणि ताकदीला झेपतील अशी अवजारे करण्याकडे लक्ष दिले. मघाशी आम्ही ज्या पेरणारणीचा उल्लेख केला, तिची उंची अखेर कोणी तरी मोजली, ही समाधानाची गोष्ट आहे.

जगातही हा विचार अलीकडे मान्यता पावला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य येथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल सादर केला. आपल्या देशात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत अधिक भावली ती एक साधी वस्तू, आपला तांब्या-लोटा. तो किती पाणी घेतो, डोक्यावर, कडेवर की हातात नेतात, भरला असता व रिकामा असता तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, घासावयास सोपा आहे काय, किंमत काय पडते, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका लोट्याभोवती उभे केले आणि अनेक पिढ्यांच्या वापराने त्याला हा आकार आला, असा निष्कर्ष काढला. या अहवालामागोमाग १९६१ साली अहमदाबादेस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन निघाली. १९६९ साली मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्ये औद्योगिक आराखड्याचे केंद्र सुरू झाले. जपानात योजी अकाओ यांच्यासारख्या विद्वानांनी गिऱ्हाइकाचे बोल आणि वस्तूची मापे यांचा मेळ घालण्याची पद्धत बसविली; १९७२ साली कोबे येथील मित्सुबिशीच्या जहाज कारखान्यात तिचा तक्ता वापरात आला. एका बाजूस गिऱ्हाईक म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहावयाचे, दुसऱ्या बाजूस त्यासाठी कारखान्याने काय मोजावे ते लिहावयाचे, आणि दोहोंचा संबंध घराघरांत भरावयाचा. जहाज बांधणाऱ्यांना जे करावेसे वाटले, ते वखर करणाऱ्याने कमीपणाचे मानू नये.

मग हे शिक्षण द्यावे कसे? आमच्या मते त्याची पाच अंगे आहेत.

पहिले अंग, विचारण्यापूर्वी पाहणे. माणसाला ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारले, तर तो म्हणतो, स्वस्त हवे, हलके हवे, मजबूत हवे. हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून आराखडा निघत नाही. त्याच्याबरोबर दिवसभर वावरात राहावे. तो कोठे थांबतो, कोठे हात बदलतो, कोठे कंबर धरतो, ते टिपावे. वापरातल्या अवजारावर जेथे तार गुंडाळलेली दिसेल, चिंधी बांधलेली दिसेल, पाचर ठोकलेली दिसेल, तेथे आराखडा चुकला असे समजावे. वापरणाऱ्याने आपली तक्रार तेथे तारेने लिहून ठेवलेली असते.

दुसरे अंग, विकत घेणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा हे तीन वेगळे माणूस आहेत, हे ओळखणे. रबरी चाकांची बंडी बैलाला हलकी जाते, यात संशय नाही; परंतु ऐन पावसाळ्यात वावराच्या मध्यात चाक पंक्चर झाले, तर ते कोण काढणार, हा प्रश्न आराखड्यातलाच आहे.

तिसरे अंग, बोली मापात उतरविणे. ‘हलके’ म्हणजे किती किलो, आणि कोणी उचलावयाचे? ‘लवकर’ म्हणजे किती एकर, आणि वाफसा किती दिवस टिकतो? चरख्याच्या अटींसारखी अटींची यादी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः लिहून ती वापरणाऱ्यापुढे मोठ्याने वाचावी. त्याला ती पटली, तरच पुढे जावे.

चौथे अंग, स्वस्त नमुना करून एक हंगाम वापरावयास देणे. पहिला नमुना बाभळीचा करावा, मग लोखंडाचा. कोरड्या अंगणातली परीक्षा आपल्या काळ्या मातीत फोल ठरते. मृगात चालले तेच चालले.

पाचवे अंग, वर्षाने परत जाणे. जुन्या कारागिराच्या दारी मोडकी वस्तू आपोआप येई. आजच्या तरुणाला त्या मोडक्या वस्तूच्या दारी स्वतः जावे लागेल. परत न जाणारा आराखडाकार हा आपण लिहिलेले पुन्हा न वाचणाऱ्या लेखकासारखा होय.

सरकारी साहाय्याविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा जयंतीस केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार व लोहार यांसह अठरा व्यवसाय असून प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या हत्यारांचे साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०२४ साली आपल्या वर्ध्यासच झाला. या योजनेचा लाभ पात्र असलेल्या प्रत्येकाने घ्यावा. नवे हत्यार हाती आले की हाताचा वेग वाढतो. पण तो वेग कोणत्या दिशेने लावावा, हे हत्यार सांगत नाही. थोड्या दिवसांच्या वर्गात रंधा व ड्रिल मशीन शिकविता येईल; माणसाची गरज ओळखण्यास एक पुरा हंगाम लागतो. आणि तो हंगाम देणे हे काम सरकारपेक्षा समाजाला अधिक सुलभ आहे. कारण गावोगाव आपली घरे आहेत.

म्हणून दुपारच्या बैठकीपुढे आमची सूचना अशी. समाजभवनाचे बांधकाम एक वर्ष थांबले, तरी कोणाचे लग्न अडणार नाही. निधीतून दरवर्षी थोड्याच, पण पुरेशा शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि त्यांस तीन अटी असाव्यात. विद्यार्थ्याने एक खरीप हंगाम, पेरणीपासून वेचणीपर्यंत, आपल्या तालुक्यातील एखाद्या गावी राहून अवजार वापरणाऱ्यांबरोबर काम करावे. ज्यांच्याबरोबर तो काम करील, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि आपल्या जातीबाहेरची व भूमिहीन कुटुंबे अवश्य असावीत. हंगामाअखेर त्याने एका वस्तूच्या गरजांची मापात उतरविलेली यादी आणि तिचा नमुना या व्यासपीठावर मांडावा, व परीक्षक म्हणून ती वस्तू वापरणाऱ्या माणसांनाच बसवावे. पाहुण्यांचे सत्कार थोडे कमी झाले तरी चालतील. कापूस वेचणारी बाई परीक्षक म्हणून व्यासपीठावर बसली, तर आपल्या मेळाव्याची शोभा वाढेलच.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, मुलगा शिकला तो शहरात नोकरी करण्यासाठी; त्याला पुन्हा वावरात का धाडावे? त्याने शहरातच नोकरी करावी, आमची त्यास काही हरकत नाही. परंतु जो वखराच्या मुठीवरचा हात पाहण्यास शिकला, तो इस्पितळातील खाटेचा, शाळेतील बाकाचा, मोटारीच्या आसनाचा आराखडाही निराळ्या दृष्टीने करील. कारखान्यांना आज नुसते नकाशे काढणारे पुष्कळ मिळतात. माणूस पाहून नकाशा काढणारे विरळा. ही विद्या पोटापाण्याचीही आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. निधी आपल्या समाजाचा, मग इतर समाजांच्या घरी मुलांना का पाठवावे? यास आमचे उत्तर हेच की, सुताराने फक्त सुतारासाठी कधी तिफण केली नाही. आपला धंदाच मुळी दुसऱ्याच्या गरजेवर उभा आहे. जातीच्या मेळाव्याला जर काही अर्थ असेल, तर तो एवढाच की, येथे जमलेल्यांनी सर्वांच्या उपयोगी पडण्याची तयारी एकत्र येऊन करावी. आपल्याच आळीत फिरणारा कान बाहेरचे काय ऐकणार? आणि किर्लोस्करांचे उदाहरण विसरू नये. ज्यांच्या घरी ऐरण नव्हती त्यांनी गिऱ्हाइकाची नाडी ओळखली आणि नांगराचा कारखाना उभा केला. हातोडा ज्याच्या घरी पिढीजात आहे, त्याने ती ओळखली नाही, तर वारशाचा अभिमान भिंतीवरच्या तसबिरीपुरता राहील.

मुलामुलींनो, तुम्ही शिकलात, त्याचा आम्हां सर्वांस आनंद आहे. तुमच्या हाती आता आमच्याहून चांगली यंत्रे येतील, अचूक मोजमापे येतील. वडिलांनी मोडक्या तिफणीबरोबर आलेले चार कडू शब्द ऐकून जी विद्या मिळविली, ती तुम्ही आपण होऊन, मागे लागून, आणि ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांच्याही तोंडून मिळवा. येत्या मृगाच्या आधी पहिली नावे बैठकीकडे यावीत, एवढी विनंती आहे.